वीस नंबरची तार

कलेक्टर कचेरीत बावीस वर्षे कारकुनी केल्यावर, कोठेही काही बिघडले की ते दुरुस्त करण्यापूर्वी कसूर कोणाची हे ठरविले पाहिजे, अशी जी एक वृत्ती मनुष्याच्या अंगी भिनते, तिला अनुसरून, गिरगावातील आमच्या दोन खोल्यांचे दिवे प्रथम गेले तेव्हा मी मेन स्विचकडे न जाता अंधारातच सर्वांच्या जबान्या घ्यावयास बसलो. कुटुंबाने सांगितले की ती पोळ्या लाटीत होती, आणि पोळपाटाचा विजेशी काही संबंध पोहोचत असल्यास तो मी दाखवून द्यावा. धाकट्या चिरंजीवांनी, कोणी विचारले नसताना, आपण रेडिओला हातही लावला नसल्याचे निवेदन केले. थोरले चिरंजीव सदऱ्याला इस्त्री करीत होते. परंतु त्यांना दुसऱ्या दिवशी मुलाखतीस जावयाचे असल्याने त्यांची जबानी तहकूब ठेवण्यात आली.

मग मेणबत्तीच्या उजेडात चिनी मातीचा फ्यूज उपसून पाहिला, तो आतील तार वितळून तिचे दोन काळे मणी मात्र उरलेले. मुद्देमाल हाती लागला, आरोपी सापडला, आणि प्रकरण मिटले असे मी जाहीर केले. नवी तार बांधली. पुढल्या तीन दिवसांत ती चार वेळा गेली.

वास्तविक या ठिकाणी एखाद्या विचारी गृहस्थाने थोडे गणित केले असते. आमची इस्त्री ४५० वॉटची, वीज २३० व्होल्टची. म्हणजे इस्त्री फार तर दोन अँपिअर घेणार, आणि फ्यूज पाच अँपिअरचा. दिवे व रेडिओ धरूनही बेरीज पाचापर्यंत जात नाही. तेव्हा भार जास्त झाला हे म्हणणे टिकत नव्हते. कोठेतरी दोन तारा एकमेकींना उघड्यानागड्या भेटत होत्या. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा जूल, जो बीअर गाळणाऱ्या घराण्यातला असूनही शुद्धीवर राहून प्रयोग करीत असे, त्याने १८४१ सालीच सांगून ठेवले आहे की प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून तर भिंतीतल्या तारा तापण्याआधी फ्यूजची बारीक तार वितळते. पण हे सर्व मला नंतर कळले. त्या वेळी माझे मत असे पडले की हा फ्यूज नाजूक प्रकृतीचा असून वारंवार रजेवर जातो, सबब त्यास बडतर्फ करून त्याच्या जागी दणकट इसमाची नेमणूक करावी.

दुकानदाराने विचारले, “किती नंबरची देऊ? पस्तीस?”

आता, नंबर वाढला की वस्तू थोर होते हा अनुभव चष्म्यापासून चपलेपर्यंत सर्वत्र येत असता, तारेच्या बाबतीत मात्र नंबर वाढेल तशी ती बारीक होते, हे एखाद्या सरळमार्गी मनुष्याला कसे सुचावे? परंतु दुकानदाराने दाखविलेली पस्तीस नंबरची तार केसासारखी दिसली, तेव्हा तिच्याहून जाड, म्हणून पंचवीसची पाहिली, आणि तेवढ्यानेही समाधान न होऊन अखेर वीस नंबरची वारभर घेतली. ती वितळावयास सत्तरएक अँपिअर लागतात. दुकानदाराने “साहेब, फ्यूजला?” असे शंकेने विचारले, मी “हो” म्हणालो. त्याने दोन वेळा माझ्याकडे पाहिले आणि पैसे घेतले.

त्यानंतरचे आठ दिवस अत्यंत शांततेचे गेले, आणि माझ्या बंदोबस्ताची कीर्ती मजल्यावर पसरू लागली. नवव्या दिवशी चिरंजीवांनी सदऱ्याची उजवी बाही इस्त्रीखाली घेतली मात्र, रबर जळल्याचा वास आला, जिन्याखालून काडकन आवाज झाला, आणि आमच्या दोन खोल्यांऐवजी साऱ्या मजल्याचे दिवे गेले. माझ्या दणकट इसमाने जागा सोडली नव्हती. त्याने संकट वरिष्ठांकडे रवाना केले होते, आणि वरिष्ठ म्हणजे वीज कंपनीचा, शिसे ठोकून बंद केलेला फ्यूज. बारा बिऱ्हाडे कंदील घेऊन आमच्या दारात उभी राहिली. त्यांत गिरणीत जॉबर असलेले शेजारचे मामा होते. त्यांनी माझी तार बोटांत धरून पाहिली व एवढेच म्हणाले, “रावसाहेब, सुताचंही असंच असतं. ऐंशी नंबर बारीक, वीस नंबर म्हणजे गोधडी.”

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने कोणाची जबानी घेतली नाही. फ्यूजच्या जागी त्याने होल्डरमध्ये १०० वॉटचा एक दिवा जोडला आणि घरातील सर्व बटणे बंद केली. दिवा लागला नाही, म्हणजे भिंतीतल्या तारा निर्दोष. मग इस्त्री लावली. दिवा जरा मलूल पेटला. त्याने इस्त्रीची दोरी मुठीत घेऊन टोकापाशी उजवीकडे वाकवली, तो दिवा एकदम लख्ख! सरळ केली, पुन्हा मलूल. सुती वेष्टणाच्या आत रबर झिजले होते, आणि उजवी बाही करताना दोरी नेमकी तेथेच वळत असे. दिवा मध्ये असल्याने शॉर्ट झाला तरी अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह वाहणार, त्यामुळे काही जळण्याचे भय नाही. बावीस वर्षांत मी इतकी अल्पाक्षरी चौकशी पाहिली नव्हती.

या विद्येचा प्रयोग मला पुढे खोपोलीस करावयास मिळाला. मेहुण्यांच्या जुन्या मोटारीत हॉर्न आणि मागचा ब्रेकचा दिवा एकाच फ्यूजवर होते. घाट उतरताना ब्रेक दाबला की हॉर्न मुका होई, आणि हॉर्नावाचून मेहुण्यांना रस्ताच दिसत नसे. ते सिगारेटच्या पाकिटातील चांदी फ्यूजवर गुंडाळण्याच्या बेतात असता मी त्यांचा हात धरला. मोटारीत परतीची तार निराळी नसते, सारे लोखंडी अंगच ते काम करते. तेव्हा सोललेली तार कोठेही टेकली की शॉर्ट. बारा व्होल्टचा दिवा फ्यूजच्या जागी लावून, मेहुण्यांना ब्रेकवर बसवून, मी मागची एकेक तार हलवीत गेलो. डिकीच्या बिजागरीपाशी हात पोहोचला आणि लख्ख दिवा मंदावला. तेथे रुमालाची चिंधी गुंडाळून आम्ही हॉर्न वाजवीत मुंबईस रुजू झालो.

वीस नंबरची ती तार मी टाकून दिलेली नाही. गॅलरीत दोन खिळ्यांच्या दरम्यान ती ताणून बांधली असून तिच्यावर माझे ओले पंचे वाळत असतात.