चार फुटी समुद्राचे पंतप्रधान

ऐप्टेशिया उपटायचा नसतो, हे प्रस्तुत लेखक आल्यागेल्याला न विचारता सांगतो. पाहुणा वापीची गाडी गाठायला चप्पल घालत असला, तरी त्याला घरच्या मत्स्यटाकीच्या काचेसमोर उभं केलं जातं. बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, अर्धपारदर्शक, वर शुंडकांचा झुबका असलेला हा प्राणी समुद्रफुलांच्या खानदानातला. ओढून काढला, तर त्याच्या तळव्याचा कण दगडाला चिकटून राहतो आणि त्या कणातून अख्खा नवा ऐप्टेशिया उभा राहतो. म्हणजे चिमटा घेऊन बसलेला माणूस प्रत्यक्षात लागवड करत असतो. एवढं सांगून लेखक थांबतो, कौतुकासाठी. पाहुणा म्हणतो, "छान आहे हो फूल!"

लेखकाच्या सिल्वासाला दमणगंगा आहे, मधुबन धरण आहे, समुद्र मात्र नाही. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हा रस्ता ओलांडला की अरबी समुद्र होता. लेखकाच्या वाट्याला बादली आली. आरओच्या पाण्यात पुडक्यातलं मीठ ढवळायचं, सापेक्ष घनता १.०२५ भरेपर्यंत मोजत राहायचं आणि मग हिंदी महासागराच्या थाटात बाजूला उभं राहायचं. "अहो, तुमच्या समुद्राची बादली मोरीतून उचला," असं घरातून ऐकू येईपर्यंत हा थाट टिकतो.

पण छोट्या राज्याचा मोठा थाट ही या मातीचीच रीत आहे. (इथून लेखकाला आवरणं कठीण, घरची मंडळी उठून जातात.) १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात विश्वनाथ लवंदे होते, राजा वाकणकर होते आणि चक्क सुधीर फडके ऊर्फ बाबूजी होते. बाबूजींचा आवाज लागला की लेखक आजही रेडिओ मोठा करतो आणि "हे आपल्याकडे लढायला आले होते बरं" असं म्हणतो, जणू पाणी लेखकानेच पाजलं होतं. पुढची सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की दमणहून इथे यायला आम्हाला वाट द्या. १९६०च्या एप्रिलमध्ये निकाल लागला: सामान्य माणसांना आणि मालाला वाटेचा हक्क होता, शस्त्रं आणि फौजेला नव्हता. भारताने वाट अडवून काही आगळीक केलेली नाही. मग विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कुणीतरी अधिकारी पुरुष हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला ११ ऑगस्ट १९६१ रोजी एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं गेलं. समोर सहीला पंडित नेहरू! लेखकाला या बदलानींचा फार हेवा वाटतो. एक दिवस राज्य, एक सही आणि सुटका. चार फुटी समुद्राच्या पंतप्रधानाला अशी सोय नाही.

कारण ऐप्टेशिया वाटेचा हक्क मागायला हेगला जात नाही. तो दुकानातून आणलेल्या मशरूम पॉलिपच्या बुडाखाली चिकटून येतो.

"उकळतं पाणी ओता की दगडावर," हा घरचा सल्ला. यावर मात्र लेखक गंभीर होतो आणि ते योग्यच आहे. त्याच दगडांवर झोअँथिड नावाचे जीव वाढतात. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. असे दगड उकळल्यावर वाफेने अख्खी कुटुंबं इस्पितळात पोचल्याची उदाहरणं परदेशात आहेत. मग खरा उपाय कोणता? चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजमध्ये भरून थेट ऐप्टेशियाच्या तोंडात सोडायची. लेखक हे 'काल्कवासर' अशा जर्मन रुबाबात सांगत असे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने डबीकडे बघून "चुनाच ना?" असं विचारल्यापासून रुबाब थोडा उतरला आहे.

रात्री लेखक लाल टॉर्च घेऊन बसतो, कारण लाल उजेड पुष्कळशा समुद्री जिवांना फारसा जाणवत नाही. त्या उजेडात दगडाच्या फटीतून काटेरी किडे निघतात. ते दिसतात गुन्हेगार, पण बहुतेक जण उरलेलं खरकटं खाणारे सफाई कामगार असतात. खरा चोर सभ्य दिसतो: पेपरमिंट कोळंबी म्हणून पिशवीत घातलेली, पाठीला कुबड असलेली उंट कोळंबी. ती ऐप्टेशिया सोडून मऊ पॉलिपच कुरतडते.

बर्घिया नावाची एक पांढुरकी समुद्री गोगलगाय आहे. ती ऐप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. काम चोख करते आणि काम संपलं की उपाशी मरते. औद्योगिक वसाहतींनी वेढलेल्या या गावात ठेकेदारीवरच्या माणसांची कहाणी कुणाला नवी नाही, तरी लेखकाला बर्घिया मागवायचा धीर होत नाही.

आणि इथे लेखकाचा आवाज चढतो. खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. तरीही एखादा विक्रेता हळूच विचारतो, "ओरिजिनल दगड हवाय का, साहेब?" तो दगड म्हणजे कुठल्यातरी जिवंत खडकाचा तोडलेला लचका असतो. खऱ्या खडकावर ऐप्टेशिया सहसा कीड नसतो. त्याला खाणारे शेजारी राहत असतात. तो कीड होतो आपल्या काचेत, जिथे शेजारी कोण असावेत हे आपली आवड आणि आपलं पाकीट ठरवतं. पाहुण्यांना हा भाग ऐकवला जात नाही.

शेवटी कॉपरबँड बटरफ्लाय मासा आणला. लांब चोचीचा, नारिंगी पट्ट्यांचा, ऐप्टेशिया खाण्याबद्दल नावाजलेला. त्याने टाकीभर फेरी मारली, ऐप्टेशियांची पाहणी केली आणि उपोषणाला बसला. असा हटून बसलेला मासा ताज्या शिंपल्यांवर चोच टाकतो, असं जाणकार सांगतात. म्हणून दमणच्या बाजारातून तिसऱ्या आल्या. महिना श्रावण, वार सोमवार. घरात साबुदाण्याची खिचडी, स्वयंपाकघरात तिसऱ्यांना मज्जाव, म्हणून लेखक बाल्कनीत सुरीने शिंपले उघडत बसलेला. खालून शेजारी ओरडून विचारतात, "काय साहेब, श्रावण पाळत नाही का?"

"मासा पाळतो," असं लेखक सांगतो. ऐप्टेशियाला मासा अजून शिवलेला नाही.