ढकलपंत

ढकलपंत हे कुणा एकाचं नाव नाही. दर सोसायटीत, दर हापिसात आणि मुलं परदेशी गेलेल्या दर घरात त्यांची एक शाखा असते. मराठी जालकरांनी फॉरवर्ड केलेल्या मेलला ‘ढकलपत्र’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढे असाच कुणीतरी पंत असणार. आलेली मेल वाचायची असते, ही समजूत पंतांनी कधीच मानली नाही. मेल पुढे जायला निघालेली असते. तिला मध्येच अडवून वाचणारे आपण कोण?

आमच्या ओळखीचे पंत बँकेतले. बँकांत काँप्युटर यायचे म्हणाले तेव्हा युनियनच्या मोर्चात पुढे होते, घोषणाही त्यांच्याच आवाजात असायच्या. पुढे 2001 च्या सुमारास स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेल्या पैशातून पहिली खरेदी केली ती काँप्युटरचीच. तो बैठकीच्या खोलीत, वहिनींनी विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली बसवला गेला. कीबोर्डवरचं प्लॅस्टिक आजतागायत निघालेलं नाही, त्यामुळे ‘अ’ दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार आणि उंदराला हळदकुंकू. हळद चाकात गेली की उंदीर दिवाळीपर्यंत एकाच दिशेला पळतो.

मशीन सुरू झालं की पंत आधी रिफ्रेश मारतात. चार-पाचदा. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा रंगवली जातात, यापलीकडे काही होत नाही, हे त्यांना पुतण्याने समजावून सांगितलं होतं. ‘अरे, पण त्याला बरं वाटतं,’ असं त्यावर त्यांचं उत्तर. तसे पंत सगळंच मारतात. मेल मारतात, प्रिंट मारतात, कॉपी मारतात, अगदीच अडलं तर फॉर्मॅट मारायला माणूस बोलावतात. जन्मात डासापलीकडे काही न मारलेला हा गृहस्थ काँप्युटरपुढे बसला की एवढा हिंसक का होतो, कोण जाणे. डबा मात्र बिचारा नुसता ‘बसतो’. नेट तर नळाच्या पाण्याचीच क्रियापदं वापरतं: येतं, जातं, आणि आज आलंच नाही.

पंतांची मेल ओळखायला नाव बघावं लागत नाही. विषयाच्या जागी ‘फॉरवर्ड: फॉरवर्ड: फॉरवर्ड: मस्ट रीड!!!’ ही आगगाडी. ती उघडली की पहिली दोन पानं नुसते पत्ते: कुणाची बारामतीची मेहुणी, कुणाचे नागपूरचे साडू, कुणाच्या कंपनीतला अख्खा अकाउंट्स विभाग. तुमची त्यांची ओळख नसते, पण आता त्यांच्याकडे तुमचा पत्ता आहे. त्याखाली बाणाच्या टोकांची तटबंदी. जितके हात मेलला लागले तितकी टोकं प्रत्येक ओळीच्या डोक्यावर. ती ओलांडून आत शिरलं की नवरा-बायकोचा एक चार ओळींचा विनोद. आणि त्याच्या पायथ्याशी, कुठल्याशा वकिलाने लिहून दिलेली, विनोदाच्या तिप्पट लांबीची ताकीद: सदर मजकूर अत्यंत गोपनीय असून ज्यांच्यासाठी नाही त्यांनी तो तत्काळ नष्ट करावा.

या घराण्याचा मूळपुरुष मात्र आपल्याकडचा नव्हे. 3 मे 1978 रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे विक्रीवाले गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर असलेल्या सुमारे 400 जणांना आपल्या नव्या काँप्युटरांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकदम धाडलं. पत्ते इतके होते की ठरलेल्या रकान्यात मावेनात. उरलेले खालच्या मजकुरात सांडले. लोक चिडले, वरून समज मिळाली. वाचणाऱ्याच्या आधी पत्त्यांची रांग उभी करण्याची परंपरा तेव्हापासूनची, आणि पंतांनी ती निष्ठेने चालवली आहे.

असल्या मेलला स्पॅम हे नाव पुढे चिकटलं ते डब्यातल्या डुकराच्या मांसावरून. 1937 पासून अमेरिकेत विकला जाणारा हा पदार्थ 1970 साली माँटी पायथन या ब्रिटिश विनोदवीरांनी एका प्रहसनात घेतला. त्यातल्या खानावळीत काहीही मागवा, सोबत स्पॅम येतोच आणि शेजारच्या टेबलावरचे गडी त्याचंच गाणं ओरडत बसतात. ही हकिगत पुतण्याने सांगितल्यापासून पंत, पक्के शाकाहारी असल्याने, एकादशीला आणि चतुर्थीला स्पॅमचं फोल्डर उघडत नाहीत. एरवी उघडतात, कारण तिथे नायजेरियाच्या दिवंगत मंत्र्याच्या विधवा त्यांची वाट बघत असतात. त्या देशात अशा फसवणुकीला फौजदारी कायद्याच्या कलमावरून ‘419’ म्हणतात. ‘आपल्यापेक्षा एकाने कमीच की,’ असं म्हणून पंतांनी तो विषय मिटवला. अर्थात पैसे त्यांनी कधी पाठवले नाहीत. शेवटी बँकेतला माणूस.

पण खबरदारीची मेल आली की हीच बँकबुद्धी रजेवर जाते. ‘गुड टाइम्स’ नावाची मेल उघडू नका, हार्ड डिस्क पुसली जाईल, असा इशारा 1994 पासून जगभर फिरत होता. असा व्हायरस कधी नव्हताच. तो इशाराच घरोघरी पसरला, आणि पंतांकडून तो आम्हांला तीन वेगवेगळ्या दिशांनी मिळाला. ही मेल पुढे ढकललीत तर बिल गेट्स दर मेलमागे पैसे देणार, ही थाप तर त्यांनी व्याजासकट हिशेबात धरली होती. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याची वार्ता युनेस्कोने नाकारली, पंतांनी ती वर्षातून दोन वेळा, जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये, नेमाने पाठवली. खरं-खोटं विचारलं तर एकच वाक्य: ‘पाठवायला आपलं काय जातं?’

जायचं ते दुसऱ्याचं. तेव्हा हॉटमेलची फुकट पेटी 2 एमबीची. पंतांची प्रातःकाळची पीपीएस, म्हणजे ओंजळीतला गुलाब, मागे बासरी, आणि एकेक अक्षर गिरकी घेत येणारा सुविचार, दीड एमबीची. सॅन होजेच्या पुतण्याची पेटी सकाळी त्या गुलाबाने भरायची आणि कामाच्या मेली दारातून परत जायच्या. 1 एप्रिल 2004 ला जीमेलने 1 जीबीची पेटी जाहीर केली, तेव्हा पुष्कळांना ते एप्रिलफूल वाटलं. पंतांना मात्र ती आपल्या कार्याला मिळालेली सरकारी मंजुरी वाटली. संक्रांतीचं वाण लुटावं तसा त्यांनी तो गुलाब लुटला.

एक मात्र कबूल करायला हवं. हा माणूस पुतण्याला ‘कसा आहेस, आठवण येते’ असं उभ्या जन्मात लिहिणार नाही. त्या पिढीच्या काकांना ते जमत नाही. दीड एमबीचा गुलाब जमतो. पुतण्या तो न बघता उडवतो, पण दोन दिवस आला नाही की काकूंना फोन करून ‘काकांची तब्येत बरी आहे ना?’ विचारतो. टपालखात्याला याहून वेगळं काय जमत होतं?

आता पंत कायप्पावर, म्हणजे व्हॉट्सॲपवर असतात. एका वेळी पाचांनाच फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा 2018 साली भारतात घातली गेली. त्या रात्री ते थोडे गप्प होते. सकाळी कळलं, पाच झाले की पुन्हा पाच निवडता येतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातल्या पंतांना सुधारायच्या भानगडीत पडू नका, ते होणे नाही. मेलवर अजून कुणी असतील तर शेजारी बसून एवढंच शिकवा: पत्त्याच्या रकान्याखाली ‘बीसीसी’ लिहिलेला आणखी एक रकाना असतो. सगळे पत्ते तिथे टाकायचे. ते कुणाला दिसत नाहीत, आणि विनोद तरीही सगळ्यांना पोचतो.