बुडीत चेंडूंची तरतूद

भाऊसाहेब बँकेतून निवृत्त झाले, पण ताळेबंद काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. वहिनी भाजी घेऊन आल्या की उरलेल्या नोटा ते आजही तोंडं एका दिशेला करून पाकिटात घालतात. अशा माणसाला गोल्फची चटक लागावी, हा तसा अपघातच. देवळालीच्या शाखेत असताना फौजी खातेदारांनी ती लावली. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला आलेल्या एका कर्नलसाहेबांनी त्यांना रविवारी सकाळी मैदानावर नेलं, हातात सात नंबरची आयर्न दिली आणि कसा कोण जाणे, भाऊसाहेबांचा पहिलाच फटका सरळ गेला. तो वाकडा गेला असता तर वहिनींचे पुढचे सगळे रविवार वाचले असते.

पुण्यात आल्यावर भाऊसाहेब खेळत राहिले. खेळ बेताचाच. पण त्यांची खरी गुणवत्ता मैदानाबाहेर आहे, आणि ती मैदानावर कधीच पूर्ण वापरली जात नाही हे त्यांचं दुःख आहे. म्हणून त्यांनी हिंदी महासागर हाती घेतला. ‘थायलंडला काय, सगळेच जातात,’ असं म्हणून त्यांनी मॉरिशस, रियुनियन आणि सेशेल्स अशी तीन बेटं एका ओळीत मांडली आणि एक्सेलची फाइल उघडली. त्या फाइलच्या आजवर ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘सुधारित अंतिम’ आणि ‘हीच अंतिम’ अशा आवृत्त्या निघाल्या आहेत. ताजी आवृत्ती मला दर शनिवारी चहाबरोबर दाखवली जाते. मी गोल्फ खेळत नाही. बहुधा म्हणूनच मला दाखवतात. खेळणारा माणूस मध्ये बोलतो.

पहिला प्रश्न महिन्याचा. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस, ते बाद. जुलै-ऑगस्टमध्ये हवा छान थंड, पण आग्नेयेकडून येणारे वारे मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर असे सुटतात की मारलेला चेंडू मारणाऱ्याकडे परत यायला बघतो. आणि भाऊसाहेबांना हवे असलेले कोर्स नेमके पूर्वेला. पसंत पडले ते सप्टेंबर-ऑक्टोबर. एका हाताला वाऱ्याचा तक्ता, दुसऱ्या हाताला कालनिर्णय. गणपतीत घर सोडता येत नाही, नवरात्रात वहिनी सोडत नाहीत. मधला पंधरवडा पितृपक्षाचा. भाऊसाहेबांचे डोळे चमकले. ‘या दिवसांत आपल्याकडे कुणी बाहेर पडत नाही. हॉटेलांचे दर पडत असणार!’ मॉरिशसची हॉटेलं भरतात ती बरीचशी युरोपातल्या लोकांनी, आणि त्यांचे पितर सप्टेंबरात येत नाहीत, हे मी सांगून पाहिलं. ‘चौकशी करणे’ अशी नोंद झाली.

रियुनियन हा फ्रान्सचाच एक जिल्हा आहे, तिथे युरो चालतो, हे कळलं त्या दिवशी त्या बेटावरचा मुक्काम चार रात्रींवरून दोनवर आला. तिथला पितोँ द ला फूर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. तो ‘लांबून पाहणे’ या सदरात गेला, कारण त्या सदरापुढे खर्चाचा रकाना रिकामा ठेवता येतो. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. मग रक्तदाबाची गोळी कुठल्या वेळेनं घ्यायची यावर डॉक्टरांशी दोन फोन झाले.

आता वजन. गोल्फच्या नियमांत एका खेळाडूला चौदाच काठ्या चालतात. भाऊसाहेबांना चौदांतल्या जेमतेम पाच मारता येतात, पण नियमानं चौदा दिल्या आहेत तर त्या सोडायच्या कशाला? काठ्या, बूट, छत्री, चेंडू असं सगळं पिशवीत भरून त्यांनी ती खाली नेली, कारण दुसऱ्या रविवारी रद्दीवाला येतो आणि त्याच्या आकड्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास आहे. विमानाची मर्यादा तेवीस किलो. रद्दीवाल्यानं पिशवी अडकवली, काटा स्थिर होऊ दिला आणि विचारलं, ‘लोखंडाचा भाव लावू का साहेब?’ पिशवी साडेचोवीस भरली. बुटांच्या कप्प्यातून वहिनींनी ठेवलेला मेतकुटाचा डबा, भडंगाच्या दोन पिशव्या आणि लोणच्याची बरणी निघाली. पुन्हा वजन केलं तर एकवीस. भाऊसाहेबांनी काटा दोन वेळा वाचला आणि भडंगाची एक पिशवी परत आत ठेवली. वाया कशाला घालवायची मर्यादा!

पण त्यांची बुद्धी खरी कुठे खुलली असेल, तर ती चेंडूंच्या हिशेबात. मॉरिशसच्या पूर्वेला इल ओ सेर्फ नावाचं छोटं बेट आहे. जर्मनीचा गोल्फपटू बर्नहार्ड लँगर यानं आखलेला, २००३ साली सुरू झालेला कोर्स त्या बेटावर आहे. तिथे खेळायला होडीतून जावं लागतं. तळी आतही आहेत आणि बाहेर तर समुद्रच. तिथे गेलेल्यांकडून भाऊसाहेबांनी ऐकलं की चेंडू भरपूर न्या. दुसरा कुणी घाबरला असता. त्यांनी तरतूद केली. घरातले सगळे चेंडू जेवणाच्या टेबलावर मांडून रिझर्व्ह बँकेच्या धर्तीवर त्यांचं वर्गीकरण झालं. कोरे चेंडू, ती प्रमाणित मालमत्ता. एखाद-दुसरा ओरखडा असलेले दुय्यम. येरवड्याच्या कोर्सवर कॅडीकडून स्वस्तात घेतलेले, तळ्यातून काढलेले ते संशयास्पद. आणि ज्यांच्यावर दुसऱ्याच कुणाच्या कंपनीचा शिक्का आहे ते बुडीत. धोरण असं की पाणी समोर आलं की बुडीत वर्गातलाच चेंडू मारायचा. तो गेला तर ताळेबंदाला धक्का नाही, पलीकडे पोचला तर ती वसुली. हे ऐकून त्यांच्या नेहमीच्या कॅडीनं विचारलं, ‘साहेब, तिकडच्या तळ्यात उतरायला पोरं असतात का?’ याचीही नोंद वहीत आहे.

सेशेल्सवर वहिनींची नजर होती. प्रालँ बेटावर एक अठरा होलांचा कोर्स आहे. त्याचं पंधरावं होल उंच डोंगरावरून सुरू होतं आणि खाली आन्स जॉर्जेत नावाच्या किनाऱ्याकडे उतरतं. त्या एका फटक्यासाठी भाऊसाहेबांनी तिसरं बेट धरलेलं. वहिनींना त्याच बेटावरचं वाले द मे हे रान बघायचं होतं, कारण दर्याचा नारळ तिथला. तोच तो, ज्याची करवंटी आपल्याकडे साधूंच्या हातात कमंडलू म्हणून आणि फकिरांच्या हातात भिक्षापात्र म्हणून दिसायची. जगातलं सगळ्यांत मोठं बी. ‘एक आणू या का?’ वहिनींनी विचारलं. परवाना लागतो, इथवर भाऊसाहेब शांत होते. एकेक नारळ वीस किलोच्या आसपास भरू शकतो हे वाचल्यावर त्यांनी पिशवीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि ‘फोटो काढणे’ असं लिहिलं.

वहिनी कमी बोलतात, पण वेळ साधून. मॉरिशसमधल्या बेल ओंब्रचा कोर्स पूर्वीच्या उसाच्या मळ्यावर उभा आहे हे भाऊसाहेब कौतुकानं वाचून दाखवत होते. ‘चारी बाजूंना ऊस, मध्ये हिरवळ, पलीकडे समुद्र!’ वहिनी मटार सोलत होत्या. माहेर रत्नागिरीकडचं. ‘आमच्याकडची माणसं गलबतात बसून त्याच उसात राबायला गेली. पाच-पाच वर्षांचे करार केले. आता तुम्ही विमानानं जाऊन तिथे काठ्या आपटणार.’ भाऊसाहेब काही बोलले नाहीत. पण पुढच्या शनिवारच्या आवृत्तीत ही माणसं जिथे उतरली त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी एक सबंध सकाळ निघाली होती आणि पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावातल्या मराठी मंडळींच्या देवळासाठी एक संध्याकाळ. त्यासाठी एक कोर्स कापला गेला होता. कुठला, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी मागच्या आवृत्तीशी ताडून पाहिलं. नामवंत गोल्फपटू अर्नी एल्सनं आखलेला होता. भाऊसाहेबांसारखा माणूस बायकोच्या एका वाक्यावर एल्स सोडतो, ही या सबंध बेतातली मला आवडलेली एकमेव गोष्ट.

बाकी बेत म्हणून तो पाहावा तर भयंकर आहे. सकाळी ७ वाजून १२ मिनिटांचा टी-टाइम, म्हणजे पहिल्या फटक्याची वेळ, त्याआधी ६.४० ला नाश्ता, त्याआधी ६.१० ला ‘मोकळे होणे’. या शेवटच्या नोंदीला पर्यायी वेळसुद्धा दिली आहे. पाऊस आला तर काय, याचं वेगळं पान. सूर्यास्त पाहण्याला अकरा मिनिटं. कॉलरचा शर्ट सक्तीचा म्हणून चौघांच्या शर्टांचे रंग ठरलेले, म्हणजे फोटोत कोण कोण ते ओळखता येईल. भाऊसाहेबांच्या बरोबर विमा कंपनीतले त्यांचे एक जुने मित्र आहेत, जे प्रत्येक गोष्टीला ‘चालेल’ म्हणतात, आणि मित्राचे मेहुणे, ज्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही. चौथे होते आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. ६.१० ची नोंद वाचून त्यांनी दवाखान्याचं कारण सांगितलं.

आता खरी अडचण अशी की गोल्फच्या बग्गीत दोन माणसं बसतात. तिघंच गेले तर एका बग्गीत एक जागा रिकामी जाणार, आणि भाडं मात्र अख्ख्या बग्गीचं. जिथे मुरलेला माणूस दोन होल कमी खेळेल आणि विसरेल, तिथे भाऊसाहेबांना अर्ध्या रिकाम्या बग्गीनं झोप लागत नाही. त्यांनी मलाही विचारलं. खेळायलाच हवं असं नाही, नुसतं बसायचं, असं म्हणाले. मी गुडघ्याचं निमित्त काढलं.

तेव्हा वाचकांपैकी कुणाला पितृपक्षात सवड असेल, सामान तेवीस किलोंच्या आत बसत असेल आणि पहाटे ६.१० ला मोकळं होण्याची सवय असेल, तर कृपया कळवावं. खेळ येत नसला तरी चालेल. चेंडू भाऊसाहेब देतील; अर्थात बुडीत वर्गातले.