राणी कायले सोडली?

रिटायर झाल्यापासून माझे ब्रिजचे तिन्ही गडी रोबोट आहेत, मोबाइलमधले. चहा मागत नाहीत, रात्री अकरालाही हजर. बोली बरी लावतात, हुकूमही शहाण्यासारखे काढतात. बचावाला बसले की मात्र पार भोळे.

परवा मी तीन नो-ट्रम्प घेतले होते. चौकटचा राजा-दश्शा माझ्याकडे, एक्का-गुलाम-नव्वा समोर डमीत, म्हणजे भिडूच्या उघड्या पानांत. राणी डावीकडे की उजवीकडे? चष्मा पुसत बसलो. तेवढ्यात उतारी डावीकडच्या रोबोटवर गेली आणि पठ्ठ्यानं राणीखालूनच चौकटची तिरी टाकली! चोरानं पत्ता विचारावा आणि घरमालकानं किल्लीच द्यावी, तसं.

त्याचंही एक गणित आहे. बचाव करणाऱ्याला आपली आणि डमीची पानं दिसतात. उरलेली 26 पानं दोघांत 1,04,00,600 तऱ्हांनी वाटली जाऊ शकतात. रोबोट त्यातले थोडे नमुने घेतो आणि चारही हात उघडे आहेत असं धरून सोडवतो. मॅथ्यू गिन्सबर्ग यांचा ‘जिब’ याच वाटेनं 1998 साली संगणकांच्या ब्रिजमध्ये जगज्जेता झाला. पण उघड्या पानांत राणी कुठं लपणार? समोरचा ती पकडणारच, मग आपणच ती बाजू उतरली तर काय बिघडलं? मी चष्मा पुसतोय हे त्याच्या हिशेबातच नाही. समोरचा सर्वज्ञ, असं तो धरून चालतो. सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर आयुष्य काढूनही इतका पारदर्शकपणा मला कधी साधला नाही.

बुद्धिबळात हे खपतं, तिथं पट उघडाच असतो. कास्पारोव 1997 मध्येच संगणकाकडून हरला. 2022 साली पॅरिसला ‘नूक’ नावाच्या प्रोग्रॅमनं ब्रिजच्या आठ विश्वविजेत्यांना मागं टाकलं खरं, पण फक्त डाव खेळण्यात. बोली आणि बचाव यांची त्या सामन्यात परीक्षाच नव्हती.

आमचा बचाव वर्धा-नागपूर अप-डाऊनमध्ये घडला. बाकी डब्यात रमी आणि मेंढीकोट; आम्ही चौघं गुडघ्यांवर टॉवेल पसरून ब्रिज. माझे भिडू वयानं मोठे. मी बदामाचा नव्वा टाकला की त्यांना कळायचं, पुन्हा बदाम हवाय. नाही कळलं तर मी खोकायचो. खोकणं नियमात बसत नाही, पण बुटीबोरीची धूळ नियम पाळत नव्हती. त्यांनी एकदा अशीच राणी सोडली, तर सिंदीपासून सेवाग्रामपर्यंत भांडलो. “तुमच्या खोकल्यानंच घोळ केला, बाप्पा,” असं म्हणून ते उतरले.

रोबोट भांडत नाही. चूक केली की मुकाट्यानं पुढचा डाव वाटतो, याचाच जास्त राग येतो. गेल्या आठवड्यात नागपूरहून गाडीनं परतताना, आमच्याच मार्गावरच्या तुळजापूर स्टेशनच्या आसपास, राहवलं नाही. मोबाइलवर ओरडलो, “राणी कायले सोडली बे?”

समोरच्या बाकावरचा पोरगा, जो बराच वेळ कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होता, दचकून गप्प झाला. मग जरा सरकून बसत म्हणाला, “काका, मी नाही सोडली. तिनंच सोडलं.”