पान 163

बऱ्हाणपुरात पीएचडीचा विषय कोणताही घ्या, मुमताज महल त्यात येतेच. 1631च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथं गेली, तापीपलीकडे जैनाबादला आहूखान्याच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. गोष्ट एवढीच. पण ‘ताजमहाल खरं तर आपल्याकडेच व्हायचा होता’ ही हळहळ गावानं पावणेचारशेहून अधिक वर्षं जपली आहे. तो का झाला नाही, याची कारणंही ज्याची त्याच्याकडे तयार. कुणी मकराण्याहून संगमरवर आणायचा खर्च सांगतो, कुणी इथल्या मातीतली वाळवी, कुणी तापीचा पूर.

आता यात पॉवरलूम कामगारांच्या मजुरीवर प्रबंध लिहिणाऱ्याचं काय होत असेल? असा एखादा उमेदवार डोळ्यांपुढे आणावा. दिवसा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, घरी मराठी बोलतो, गल्लीत हिंदी आणि प्रबंधात ‘तथा’ आणि ‘एवं’. ‘इतिहासात नाव काढशील’ असा आशीर्वाद त्याला सहा वर्षं मिळत असतो. विषय इतिहासाचा नाही, हे सांगणं त्यानं दुसऱ्या वर्षीच सोडून दिलेलं असतं.

सहा वर्षं हा आकडा सहज आलेला नाही. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. यातली पहिली मर्यादा प्रवेश घेताना पाठ असते, दुसरी शेवटच्या वर्षी.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण मात्र पटकन होतं, कारण ते ताव्हेर्निएनं आधीच लिहून ठेवलंय. सतराव्या शतकात हा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपुरातून गेला आणि इथली झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जाते अशी नोंद करून गेला. बऱ्हाणपूरच्या कापडावर लिहिणारा प्रत्येक जण त्याला पहिल्या प्रकरणात आणून बसवतो. तो नसला तर प्रबंध अपुरा वाटतो आणि असला तर कॉपीच्या तपासणीत सापडतो. यूजीसीच्याच 2018च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, त्यापुढे दुरुस्ती, साठ टक्क्यांच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. ऋणनिर्देशही या मोजणीतून वगळलेला असतो. हे फार शहाणपणाचं झालं. एरवी ‘जिच्या त्यागाशिवाय हे कार्य अशक्य होते’ त्या धर्मपत्नीपायी देशातला एकही प्रबंध पास झाला नसता.

कृतिदेव फाँटात टाइप करणाऱ्यांची त्याहून मजा. पडद्यावर शुद्ध हिंदी दिसते, पण संगणकाच्या पोटात ती सगळी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते. सॉफ्टवेअर ती वाचतं आणि साम्य शून्य टक्के ठरवतं. इतकं मौलिक लेखन त्यानं आजवर पाहिलेलं नसतं.

घरचा व्हायवा विद्यापीठाच्या आधी कितीतरी महिने सुरू होतो. काका झोपाळ्यावर बसून विचारतात, "सँपल किती घेतलंस?" उमेदवार सांगतो, दोनशे. "आणि लूम किती आहेत गावात? हजारोंनी! बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" यावर सांख्यिकीच्या पुस्तकात आठ पानांचं उत्तर आहे, पण ते काकांना पुरत नाही. आईला एकच प्रश्न असतो आणि तो बाहेरून येणारे परीक्षक सर कांदा-लसूण खातात का, हा.

खरा परीक्षक भेटतो तो शेवटच्या फेरीला, लूमच्या शेडमध्ये. तिथं खटखट एवढी की प्रश्नावली ओरडून भरून घ्यावी लागते. चार लूम सांभाळणारा माणूस एका डोळ्यानं धोटा बघतो, एका हातानं तुटलेला धागा गाठतो आणि उरलेल्या लक्षात उत्तरं देतो. वय, शिक्षण, कुटुंबातली माणसं, मीटरमागे मजुरी. एकतीस प्रश्न झाले की तो बत्तिसावा स्वतःच विचारतो : "लाइट गई तो मजूरी किसकी कटी, वो लिक्खे क्या भाई?"

लिहिलेलं नसतं. सूत व्यापाऱ्याचं, लूम मालकाचा, बिलात सवलत सरकारची, प्रत्येकाचा रकाना प्रबंधात आहे. दुपारी दोन ते चार वीज गेली तर मीटरवर मजुरी घेणाऱ्याचे ते दोन तास कुणाच्या खात्यात पडतात, हा रकाना कुठंच नाही. उमेदवार पुन्हा शेड धुंडाळतो, चौथ्या प्रकरणात पाऊण पान वाढवतो आणि मगच प्रबंध बाइंडिंगला जातो. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं.

त्यानंतर परीक्षकांच्या अहवालांची वाट. या काळात गाईड धीर द्यायला थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगतात. महूला, म्हणजे आपल्याच मुलखात जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी 1923च्या मार्चमध्ये परत पाठवला होता. त्यांनी तो नव्यानं लिहून ऑगस्टमध्ये दिला, नोव्हेंबरात तो मंजूर झाला. पुस्तक निघालं तेव्हा त्यांचे गाईड एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीतच लेखकाची बरीचशी टीका आपल्याला पटत नसल्याचं सांगून टाकलं. इरावती कर्व्यांचं तर आणखी अवघड. बर्लिनमध्ये त्यांचे गाईड ऑयगेन फिशर यांना कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेतून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध नाही असं गाईडच्याच तोंडावर लिहून दिलं. डॉक्टरेट त्यांना तरीही मिळाली.

उमेदवाराला यातून धीर येण्याऐवजी घाम येतो. आपण गाईडला न पटणारं एक वाक्यही लिहिलेलं नाही, हे त्याच्या त्याच वेळी लक्षात येतं.

बऱ्हाणपूरची कॉलेजं वर्षानुवर्षं इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी जोडलेली होती, म्हणून व्हायवाची वारी इंदूरची. खंडवा, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, बडवाह, मग घाट. गाडीत प्रबंधाच्या प्रती, पेन ड्राइव्ह, दुसरा पेन ड्राइव्ह, सरांसाठी शाल-श्रीफळ आणि मावा जिलेबीचे खोके. ही जिलेबी काळपट, जाड, पाकानं जड. एक खाल्ली की माणूस भांडणाच्या मनःस्थितीत राहत नाही, हे गावाला चांगलं ठाऊक आहे. काका बरोबर असतातच. व्हायवा खुला असतो, हा नियम घरात फक्त त्यांनी वाचलेला असतो.

पडद्यावर ‘धन्यवाद’ची स्लाइड येईपर्यंत सगळं सुरळीत. मग बाहेरून आलेले सर चष्मा पुसतात. "तक्ता 4.7ची बेरीज 99.9 का येते?" दशांशांमुळे, सर. "हं." बराच वेळ पानं उलटतात. मग सर खुर्चीत मागे रेलतात. "तुम्ही बऱ्हाणपूरचे. ताजमहाल तिथं का नाही झाला हो?"

उमेदवार ताव्हेर्निएकडे वळायच्या आत अध्यक्ष वाळवीचा मुद्दा मांडतात. गाईड संगमरवराच्या वाहतुकीवर ठाम. काका मागच्या बाकावरून उठून तापीच्या पुराची बाजू इतक्या तडफेनं लढवतात की सर त्यांनाच विचारतात, "आपण कोणत्या विभागात?" पंचवीस मिनिटं वाद रंगतो. संशोधनाच्या क्षेत्रात एवढी जिवंत चर्चा क्वचितच होत असेल, फक्त तिच्यात उमेदवार नसतो. तो सह्यांचे कागद सारखे करत उभा असतो. मग त्याला पाच मिनिटं बाहेर पाठवतात, परत बोलावतात आणि अध्यक्ष हात पुढे करतात : "बधाई हो, डॉक्टर साहब!"

जिलेबी फिरते, फोटो होतात, शाल दोनदा पांघरावी लागते, कारण पहिल्या फोटोत सरांचे डोळे मिटलेले. सरांना स्टेशनवर सोडायला नवे डॉक्टर जिन्यावरून खाली येतात. दुसऱ्या मजल्यावर वीज जाते, दिवे आणि पंखे बंद पडतात. सर कठडा धरून थांबतात.

"काय हो," ते अंधारात म्हणतात, "अशी लाइट गेली तर त्या लूमवाल्याच्या मजुरीचं काय होतं? हे तुम्ही प्रबंधात घ्यायला हवं होतं."

"आहे सर. पान 163."

"असं?" सर जिलेबीचा खोका दुसऱ्या हातात घेतात. "पुस्तक काढाल तेव्हा पाठवा एक प्रत. निवांत वाचेन म्हणतो."