वाचलेल्या झाडाची नोंद कुणाकडे?

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहराजवळ ॲशची झाडं उभ्या उभ्या वाळत होती. 2002 साली कारण सापडलं. साल सोलली तर आत नागमोडी बोगदे. एमराल्ड ॲश बोरर नावाचा चकचकीत हिरवा भुंगेरा, आशियातून बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून उतरलेला. सापडला 2002 मध्ये. आला होता त्याच्या कितीतरी आधी.

त्याची अळी सालीखालचा मऊ थर खाते. झाडाचं अन्न तिथूनच वाहतं. तीन ते पाच वर्षांत झाड संपतं. आजवर कोट्यवधी ॲश गेले. मेन राज्यातले वाबानाकी लोक काळ्या ॲशचा ओंडका ठोकून त्याच्या पट्ट्या काढतात, टोपल्या विणतात. झाडासोबत ती कलाही चालली.

सरकारने काय केलं? जळाऊ लाकूड एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बंदी घातली. लोक सहलीला निघताना गाडीत लाकडं टाकतच राहिले. जानेवारी 2021 मध्ये केंद्राने ती बंदी मागे घेतली.

भुंगेऱ्याने ती कधी पाळलीच नव्हती.

शहरांनी आणखी एक उपाय केला. कीड यायच्या आधीच निरोगी ॲश तोडून टाकले. लाकडाला भाव मिळतोय तोवर विकून घ्या, असा सल्ला जंगलमालकांनाही मिळाला. वाळलेलं झाड रस्त्यावर कोसळण्याची भीती खरी होती, मान्य. पण त्या तोडीत किडीला पुरून उरणारं एखादं झाड असेल तर? तेही गेलं.

आणि असं झाड असतं. सगळं जंगल मेलं तरी शंभरात एखादा ॲश हिरवा उभा दिसतो. ओहायो राज्यातल्या डेलावेअर गावी अमेरिकी वन खात्याचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या झाडांचाच पाठपुरावा केला. नियमही कडक ठेवला: परिसरातले 95 टक्के ॲश मेल्यावर किमान दोन वर्षांनी जे झाड धडधाकट असेल, तेच धरायचं. एवढी वाट का? कारण किडीची नजर अजून न पडलेलं झाड आणि किडीला झुंज देणारं झाड लांबून सारखंच दिसतं.

मग शेंड्याच्या काड्या आणून कलमं बांधायची. कलमांवर भुंगेऱ्याची अंडी मोजून ठेवायची. काही आठवड्यांनी साल सोलायची आणि आत किती अळ्या मेल्या, किती पोसल्या ते बघायचं. अशा दोन झाडांचा संकर केला तर काही रोपं आईबापापेक्षा सरस निघतात. इथवर विज्ञानाने आपलं काम चोख केलं आहे.

पुढचं काम विज्ञानाचं नाही.

वाचलेलं झाड असतं कुणाच्या तरी शेताच्या बांधावर. ते दिसतं फिरायला आलेल्या एखाद्या माणसाला. काड्या काढणारा विद्यापीठातला, कलम वन खात्याच्या रोपवाटिकेत, बियाणे बाग तिसऱ्याच संस्थेच्या जमिनीवर. बी गोळा करून जपणारे आदिवासी समाज, म्हणजे आणखी एक दार. यातल्या एकाने टाळाटाळ केली तरी साखळी तुटते. सगळ्यांना जोडून ठेवणं हे नेमकं कुणाचं काम? ज्याला त्याला विचारा, तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

जोडणी कच्ची राहिली तर काय होतं, ते चेस्टनटच्या झाडाला विचारा. 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक बुरशी दिसली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत तिने अब्जावधी अमेरिकन चेस्टनट संपवले. तो परत आणायला 1983 मध्ये एक प्रतिष्ठान उभं राहिलं. न्यूयॉर्कच्या एका सरकारी महाविद्यालयाने गव्हाचा एक जनुक घालून नवं झाड घडवलं. दोघं मिळून ते जंगलात नेणार होते. परवानगीचे कागदही सरकारदरबारी पोचले होते.

डिसेंबर 2023 मध्ये कळलं, की वर्षानुवर्षं ज्या झाडाच्या चाचण्या चालल्या ते ठरलेलं झाड नव्हतंच! डार्लिंग 58 म्हणून वाढवलं ते निघालं डार्लिंग 54. अदलाबदल बऱ्याच आधी झाली होती. प्रतिष्ठानाने हात काढून घेतला, महाविद्यालय पुढे जायचं म्हणालं. अब्जावधी झाडांचा वारसा कुठे अडकला? एका चिठ्ठीवर.

हे जमतच नाही असं कुणी म्हणू नये. ऑरेगॉन राज्यात डोरीना नावाचं वन खात्याचं केंद्र आहे. मुळं कुजवणाऱ्या रोगाला दाद न देणारी पोर्ट ऑर्फर्ड सीडरची रोपं तिथल्या मेहनतीतून तयार झाली आणि ती जंगलात लागलीही. दोन सरकारी खाती आणि एक विद्यापीठ दशकानुदशकं एकाच कामाला लागली होती. माणसं निवृत्त झाली, नोंदवह्या टिकल्या.

चांगलं झाड सापडलं की त्याच्याच लाखो नकला लावायचा मोह होतो. तो आवरावा लागतो. दक्षिण भारतात निलगिरीच्या मोजक्या क्लोनवर मैलोन्‌मैल लागवड झाली. 2000 नंतर फांद्यांवर गाठी करणारी एक चिमुकली गांधीलमाशी आली. जो क्लोन तिला आवडला, त्याचं अख्खं रान आजारी पडलं.

महाराष्ट्राने 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. किती लागली, किती जगली, यावर भांडणं झाली, व्हायलाच हवी होती. पण ती रोपं कोणत्या मातृवृक्षाच्या बियांची, हे किती जणांनी विचारलं? चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची पानं अळी खाते, उरते नुसती जाळी. त्या रानात हिरव्यागार राहिलेल्या सागाला आकडा घाला, त्याचं बी वेगळं ठेवा. वनरक्षकाला एक वही पुरते. मात्र त्याची बदली झाली की ती वही पुढच्याच्या हातात पडली पाहिजे.

ॲश फुलावर यायलाच कित्येक वर्षं घेतो, आणि संशोधनाचा निधी येतो तीन वर्षांचा. चौथ्या वर्षी कलमांना पाणी कोण घालणार? त्या माणसाचा पुढच्या वीस वर्षांचा पगार आजच मंजूर करा.