मिरगाचं पाणी आणि दोन चुका

जूनच्या पहिल्या आठवड्यात कळंबमध्ये दोन पक्ष पडतात. त्यांना झेंडा नसतो, निवडणूक चिन्ह नसतं, पण बसस्टँडजवळच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ते ओळखू येतात. एक सर पडून गेली की पहिला पक्ष म्हणतो, "आता नाही पेराचं तं मंग कवा पेराचं?" दुसरा पक्ष बशीत फुंकर मारत म्हणतो, "हे पाणी कामाचं नाही बापा. थांब जरासा." दोन्ही पक्षांतली माणसं अधूनमधून चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जातात. देव चिंता हरण करतो हे खरंच आहे. पण पेरायची चिंता हरावी की न पेरायची, हे आधी त्याला सांगावं लागतं.

शास्त्राच्या भाषेत हा वाद फार नीटनेटका मांडता येतो. आधी एक गृहीत धरायचं, ते म्हणजे 'खरा मान्सून अजून आलेला नाही'. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग पुराव्याकडे पाहायचं. पुरावा भक्कम असेल तर गृहीतक सोडायचं आणि तिफण काढायची. आता यात चुकायच्या तऱ्हा दोनच. मान्सून आलेला नसताना आला समजून पेरलं, तर ती पहिल्या प्रकारची चूक. पुढं पंधरा दिवस ऊन पडतं, कोंब करपतात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कृषी केंद्राच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मान्सून आलेला असताना हात बांधून बसलो, तर ती दुसऱ्या प्रकारची. वाफसा निघून जातो, हंगाम मागं सरकतो.

या दोघींत पहिलीची बदनामी फार. ती रस्त्यावरून दिसते, तिची बातमी छापून येते, तिच्यावर पाहुणेसुद्धा बोलतात. दुसरी मात्र घरंदाज. दिवाळीला एकरी पोतंभर माल कमी झाला, तर त्याचं कारण जूनमधल्या त्या चार दिवसांत होतं, हे कोण शोधत बसतं? उशिरा पेरणाऱ्याला गावात कुणी मूर्ख म्हणत नाही, 'धोरणी' म्हणतात. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला चांगलाच आहे. पण सल्ला देणाऱ्याला पहिल्या चुकीची भीती जास्त असते, हेही त्यात दिसतं. थांबा म्हटल्यावर नुकसान झालं तर कुणी मोर्चा काढत नाही.

या दोन चुका वेगळ्या काढून दाखवल्या त्या येर्झी नेमन आणि एगॉन पिअरसन या जोडीनं, १९२८ ते १९३३ च्या दरम्यान. नेमन पोलंडचा आणि त्याची सुरुवातही शेतीच्या प्रयोगांपासूनच झालेली. त्याचा कट्टर विरोधक रोनाल्ड फिशर, तोही रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात चौदा वर्षं काढलेला. दुसऱ्या प्रकारच्या चुकीचं हे नवं प्रस्थ फिशरला अजिबात पसंत नव्हतं. पुढं दोघं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत आले, वेगवेगळ्या मजल्यांवर. दोन्ही विभागांच्या चहाच्या वेळाही वेगळ्या होत्या, असं सांगतात. आमच्या टपरीवरचे दोन पक्ष निदान एकाच किटलीतला चहा पितात.

त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, तिथं शिकत होता आणि दोन्ही मजल्यांवरचं शास्त्र त्यानं आत्मसात केलं. परत आल्यावर त्यांनी पिकाचा अंदाज नजरेनं न बांधता चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडून, त्यातला तुकडा प्रत्यक्ष कापून, मोजून काढायची पद्धत देशात रुजवली. पीक कापणी प्रयोग म्हणून आज तलाठी आणि कृषी सहायक बांधावर जे करतात, त्याच्या मुळाशी हे आहे. नजरेचा अंदाज हा शेवटी नजर कुणाची यावर ठरतो, हे सरकारला समजावणं लंडनच्या दोन मजल्यांपेक्षा अवघड गेलं असणार.

तर बियाण्याकडे येतो. आमच्या काकू मे महिन्यात घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात. सत्तर उगवले तर बियाणं पास. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हापासून तर हे काम पूजेइतक्या गांभीर्यानं होतं. यंदा अडुसष्ट निघाले. काका म्हणाले, नापास. काकू म्हणाल्या, "दोन कोंबडीनं खाल्ले असन."

कोंबडीवर आळ न घेताही काकूंची बाजू मांडता येते. शंभर दाण्यांची परीक्षा तशी ढिलीच. खरोखर ७५ टक्के उगवणारं चांगलं बियाणंही तीत साधारण दहात एकदा नापास होतं, आणि ६५ टक्क्यांचं कच्चं बियाणं सहात एकदा पास होऊन जातं. मग अट कडक करून ७५ दाण्यांची केली तर? कच्चं बियाणं पन्नासात एकदाच निसटेल, पण ते बिचारं ७५ टक्क्यांचं जवळजवळ निम्म्या वेळा घरी बसेल. एक भोक बुजवलं की दुसरं मोठं होतं. दोन्ही एकदम लहान करायचा मार्ग एकच, दाणे वाढवा. बीज परीक्षण प्रयोगशाळा चारशे दाणे घेतात ते उगाच नाही. चारशेतून दोनशे ऐंशीची अट ठेवली, की चांगलं बियाणं शंभरात एखाद्या वेळीच बाद होतं आणि कच्चं दोनदाच पास होतं. मी हे काकूंना उत्साहानं सांगितलं. "चारशे दाणे मोजाले तू बसशीन का?" एवढंच त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी तिसराच निकाल दिला. बियाणं पासही नाही, नापासही नाही; उगवण थोडी कमी आहे तर एकरी तीस किलोऐवजी एकतीस किलो टाका. काकांचा कडक बाणा आणि माझं संख्याशास्त्र, सगळ्याची किंमत किलोभर सोयाबीन निघाली.

पावसाला मात्र हा उपाय चालत नाही. दाणे वाढवता येतात, मिरग एकच असतो. जास्त पुरावा हवा तर आणखी चार दिवस आभाळाकडे पाहत बसायचं, आणि ते बसणं हीच तर दुसरी चूक. प्रयोगशाळेतल्या माणसाला थांबण्याचं भाडं पडत नाही. शेतकऱ्याची ओल रोज उडत असते. नेमनसाहेबांचं उत्तर असं की, कोणती चूक आपल्याला जास्त महाग पडते ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे पुराव्याची रेघ ओढा. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा बियाणं घ्यायला पैसे आहेत, त्याची रेघ एकीकडे. ज्यानं पहिलंच उधारीवर उचललंय, त्याची दुसरीकडे. म्हणजे टपरीवरचे दोन्ही पक्ष एकाच ढगाकडे पाहून, आपापल्या खिशाप्रमाणे, बरोबर बोलत असू शकतात.

काका-काकूंनी तोड काढली. अर्धं रान पहिल्या दमदार पाण्यावर पेरायचं, अर्धं थांबून. काहीही झालं तरी दोघांपैकी एकाला वर्षभर बोलायला अर्धं शेत मिळणार. आता वाद इतकाच उरलाय की विहिरीकडचं अर्धं आधी पेरायचं की नाल्याकडचं.